गप्प तार

मी आजवर चार पुरुषांना मारलं आहे. पहिला शाळेतला, दुसरा बसमध्ये मागून चिकटणारा, आणि तिसरा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, ज्यानं तिचा हात पिरगाळून मोडला होता. त्या तिघांचं मला काहीही वाटत नाही. दाजींना दोन कमीच पडल्या, असं आमच्या घरात अजून म्हणतात. चौथ्याला मात्र मी मारलं ते त्याचा जीव वाचवायला, आणि नेमकं तेच मला पचलेलं नाही.

बेळगावात खडेबाजारात वायरलेस सेट दुरुस्त करणारं एक दुकान आहे, तिथं मी काम करते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून लागले ती तिथंच राहिले. जन्म वडगावचा, घरात साड्यांचे माग. जन्मापासून मागांच्या खडखडाटात राहिल्यामुळं माझा आवाज चढा, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. हिच्याशी बोलणं म्हणजे विस्तवाशी खेळ, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. दुकानाचे मालक मला बाहेरगावच्या कामाला पाठवतात तेही बहुधा त्याचमुळं. गिऱ्हाईक वाकड्यात शिरलं तर ही सरळ करून येते, असं ते कौतुकानं म्हणतात, पगार वाढवत नाहीत ती गोष्ट वेगळी.

त्या हिवाळ्यात सदलग्याच्या बाजूच्या एका साखर कारखान्याकडून तक्रार आली. गाळप जोरात होतं. उसाच्या फडात मोबाइल धड लागत नाही, म्हणून तिथली माणसं अजून वॉकीटॉकीवर बोलतात. कुठल्या फडात टोळी आहे, कुठली गाडी निघाली, कुठली चिखलात रुतली, सगळं त्यावरच चालतं. आणि रोज दिवेलागणीला त्या वॉकीटॉकीवर अशी घरघर सुरू व्हायची की माणसाचा शब्द ऐकू येऊ नये. सकाळी उजाडलं की बंद. सेट आमच्याच दुकानातून गेलेले, त्यामुळं दोष आमच्याच कपाळी.

मी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घेऊन गेले. गळ्यात अडकवायचं, डब्याएवढं यंत्र आहे. हवेत ज्या ज्या लहरी चालल्या आहेत त्यांची उंची ते पडद्यावर रेघेनं दाखवतं. त्याला जोडायला यागी अँटेना, म्हणजे पूर्वी घरांवर टीव्हीची असायची तसली, अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याची. ती ज्या दिशेला धराल तिकडचं जास्त ऐकू येतं.

या यंत्रात माझा सगळा भरवसा मार्करवर. मार्कर म्हणजे पडद्यावरचा एक छोटा ठिपका. तो रेघेवर जिथं नेऊन ठेवाल तिथली उंची तो आकड्यात सांगतो. एक बटन दाबलं की तो आपोआप सगळ्यात उंच टोकावर जाऊन बसतो, आणि नवी माणसं तेवढंच बटन दाबून मोकळी होतात. पण उंच टोक म्हणजे बहुतेक वेळा आपलंच स्टेशन असतं. त्रास देणारा कधीच सगळ्यात उंच नसतो. पहिल्या संध्याकाळी तिथंही तसंच होतं. कारखान्याचं टोक डौलात उभं, आणि खाली सगळा पडदाभर एक फुगवटा आलेला, ज्याला टोकच नव्हतं. मार्कर कुठंही ठेवला तरी आकडा तोच.

मग मी दुसरा खेळ केला. साधारणपणे पडद्यावर आडवी दिशा ही फ्रिक्वेन्सीची असते. झिरो स्पॅन नावाचं एक बटन आहे, ते दाबलं की आडवी दिशा वेळेची होते. तो फुगवटा लगेच फुटला आणि त्याच्या जागी उभ्या रेघा दिसायला लागल्या, फणीच्या दातांसारख्या, सारख्या अंतरावर. पहिल्या रेघेवर एक मार्कर ठेवला, शेजारच्या रेघेवर दुसरा. याला डेल्टा म्हणतात, दोन खुणांमधला फरक. फरक आला सेकंदाचा शंभरावा भाग.

हा आकडा माझ्या ओळखीचा होता. आपल्या घरातली वीज सेकंदात पन्नास हेलकावे घेते, आणि प्रत्येक हेलकाव्यात दोनदा जोर धरते. म्हणजे कुठंतरी सरळ खांबावरच्या विजेची ठिणगी उडत होती. शेतकरी डुकरांसाठी झटका मशीन लावतात ते वेगळं. त्याचा टोला सेकंद-सेकंदानं पडतो, जनावर दचकतं आणि पळतं. हा टोला तसला नव्हता. खांबावरचं चिनी मातीचं भांडं तडकलं तरी अशी ठिणगी उडते, पण ते भांडं काही दिवेलागणीची वाट बघत नाही. कुणीतरी रोज संध्याकाळी खटका दाबत होतं आणि उघड्या तारेत जिवंत करंट सोडत होतं. त्या तारेवर डुक्कर मरतं, तसं माणूसही मरतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यानं माझ्याबरोबर एक चिटबॉय दिला. उसाच्या नोंदी घेणाऱ्या आणि तोडीची चिठ्ठी देणाऱ्या माणसाला तिकडं चिटबॉय म्हणतात. नावात बॉय असला तरी हा चाळिशीचा, पोट सुटलेला, दोन मुलींचा बाप होता. मोटरसायकल चालवत तो कन्नडात कारखान्याशी बोले आणि मराठीत माझ्याशी कुरकुर करी. मी त्याला तार काय असते ते सांगितलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला.

"परवा त्या अंगाला एक कुत्रं मेल्यालं घावलं, म्याडम," तो मळ्यांकडं हात करून म्हणाला. "पाय ताठ, तोंड काळं. आमास्नी वाटलं इख घातलंय कुणी."

"आन तिथं टोळी कधी लागणार?"

"उद्या सकाळी."

म्हणजे उद्या सकाळी ऊसतोडीच्या बायका अंधारातच त्या उसात शिरणार होत्या. मी त्याला म्हटलं, चल, आजच्या आज ती तार शोधायची.

दिवेलागणीला आम्ही निघालो. घरघर नुकतीच सुरू झाली होती. रस्त्यावर उभी राहून मी मार्करची उंची धरून ठेवली आणि तिथून पुढं प्रत्येक वळणावर डेल्टा बघत गेले, मघाशी कुठं होतो आणि आता किती चढलो. नदीकडं तोंड केलं की आकडा पडे, गावाकडं केलं की पडे, आणि एका मळ्याकडं केलं की चढत जाई. मळ्यात वस्तीवरचं एक पत्र्याचं घर होतं, त्याच्या मागं उभा ऊस.

घरासमोर एक बाई भांडी घासत होती. माझ्याच वयाची असेल. डावा डोळा सुजून मिटलेला, कडेनं जांभळा झालेला.

"काय झालं ओ डोळ्याला?" मी विचारलं.

"म्हशीनं शिंग मारलं."

म्हशीच्या शिंगाला बोटं नसतात. तिच्या गालावर चार बोटं स्वच्छ उमटली होती. माझ्या बहिणीची 'म्हैस' मी बघितलेली, त्यामुळं मी पुढं विचारलं नाही. पण हात शिवशिवायला लागले, हे खरं.

तिचं लक्ष माझ्या गळ्यातल्या यंत्राकडं होतं. "ह्यात काय दिसतंय, आक्का?"

मी खाली बसून तिला पडदा दाखवला. "ह्या उभ्या रेघा दिसत्यात न्हवं? ती ठिणगी. कुठंतरी करंटाच्या तारेवर ओला पाला टेकलाय, तिथं उडतीया. ह्यो ठिपका सांगतोय, किती जवळ हाय."

"आन पाला खाली पडला तर?"

"मग रेघा जातात. त्या वाकीटाकीतली घरघर बी जाती."

"म्हंजे करंट गेला?"

"करंट कुठं जातोय? तार हाय तशीच जिती. ठिणगी न्हाय म्हणून ह्येला ऐकू येत न्हाय, एवढंच. गप्प तार जास्त वाईट."

तिनं मान हलवली आणि तवा पालथा घालून राखेनं घासायला लागली. मग मान वर न करताच तिनं उसाच्या मागच्या बाजूला हात केला. "बांधाबांधानं जावा. खाली बघून चाला."

बांधावर पोचलो तेव्हा मार्कर पडद्याच्या वरच्या कडेला भिडला होता आणि चिटबॉयच्या हातातला वॉकीटॉकी गुरासारखा ओरडत होता. लाकडी खुंट्यांवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक नागडी तार सगळ्या फडाभोवती फिरवलेली. तिचं दुसरं टोक लांब, पाण्याच्या मोटारीच्या खोपटाकडं गेलेलं. खोपटाच्या दारावर पिवळा दिवा होता. आमच्या पुढ्यात उसाचं एक ओलं पातं वाकून तारेवर टेकलं होतं, आणि त्याच्या टोकाला निळी ठिणगी तडतडत होती.

"कोण रं त्यो? इज आपिसातनं आलायसा?"

माणूस उसातून बाहेर आला. पन्नाशीचा, काटक, हातात खोऱ्याचा दांडा, कमरेला कोयता. चिटबॉय ओळखीनं हसला. "आप्पा, मी न्हवं का, कारखान्याचा..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दांडा त्याच्या पाठीत बसला. दुसरा कमरेत. वॉकीटॉकी गवतात पडला आणि आमचा चिटबॉय, ज्याला जिना चढताना धाप लागे, तो असा पळाला की मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला तेव्हाच मला कळलं, मी एकटी आहे.

मी मागं हटले नाही. हटायला पाहिजे होतं, शहाणपण त्यातच होतं. "आप्पा, मी इज आपिसातली न्हाय," मी म्हटलं. "ही घरघर ऐकलीसा? तुमच्या तारेमुळं होतीया. उद्या टोळी यायची हाय, बायका मरतील."

"माझ्या उसात शिरतील त्या मरतील. डुकरानं निम्मा फड खाल्ला, तवा कुठं होतीस तू?"

"झटका मशीन मिळतंय की."

"मला शिकवतीस व्हय गं?"

त्यानं अँटेना धरून ओढली. मी सोडली नाही. तेव्हा त्यानं दांडा माझ्या डाव्या खांद्यावर घातला. डोळ्यापुढं पांढरं झालं आणि हात लोंबायला लागला. माझ्या तोंडातून ज्या शिव्या निघाल्या त्या वडगावात मागांच्या खडखडाटात शिकलेल्या, कुणाला ऐकू जात नाहीत म्हणून मोकळेपणी दिल्या जाणाऱ्या. त्या मात्र वस्तीपर्यंत ऐकू गेल्या, कारण ती बाई धावत आली.

बायकोला बघून तो मला विसरला. "तूच वाट दावलीस," म्हणाला आणि तिच्या सुजलेल्या डोळ्यावरच चापट हाणली. ती खाली बसली तशी केस धरून उठवली, कमरेत लाथ घातली, परत उठवली. हे सगळं तो सवयीनं करत होता, खत टाकावं तसं, आणि तीही सवयीनं मार खात होती. रडली नाही, ओरडली नाही, फक्त डोकं हातांनी झाकलं. मी एका हातानं तिला ओढायला बघत होते. मी आयुष्यात एवढी कुणावर चिडले नव्हते, दाजींवरसुद्धा नाही.

मग त्याला भान आलं की चिटबॉय माणसं घेऊन येणार. तार तिथं दिसता कामा नये. "जा," तो तिला म्हणाला, "खटका पाड. तार गुंडाळून टाकतो. पळ."

ती उठली, पदर सारखा केला आणि खोपटाकडं चालायला लागली. पळाली नाही, चालली.

तिला उशीर होतोय म्हणून त्यानं चिडून खुंटीवर दांडा हाणला. तार थरथरली आणि ते ओलं पातं खाली गळून पडलं. गवतातला वॉकीटॉकी एकदम गप्प झाला. मी पडद्याकडं बघितलं. सगळे दात गेले होते, मार्कर तळाला जाऊन बसला होता.

"गेला बघ करंट," तो म्हणाला. मीच त्याला सांगितलं होतं ना, ही घरघर तुमच्या तारेची. आता घरघर नव्हती, म्हणजे तार मेली, असा त्याचा सरळ हिशोब. त्याची पाठ खोपटाकडं होती. माझं तोंड खोपटाकडं होतं. ती अजून निम्म्या वाटेवर होती.

त्यानं दांडा टाकला, धोतराचा सोगा वर खोचला, आणि खुंटीच्या खिळ्यातून तार सोडवायला टॉवेलनं हात पुसत पुढं झाला. तिकडं ती दारात पोचली. पिवळ्या दिव्याखाली मला ती स्वच्छ दिसत होती. ती आत गेली नाही. वळून, दोन्ही हात पोटाशी धरून उभी राहिली आणि आमच्याकडं बघत राहिली.

मला कळलं. तिनं माझा शब्द नि शब्द ऐकला होता. गप्प तार जास्त वाईट.

मरू दे, असं मला वाटलं. उगीच सोवळेपणा करत नाही, स्पष्ट वाटलं. माझा खांदा ठणकत होता, तिचे उपटलेले केस त्याच्या बोटात अजून अडकलेले दिसत होते, आणि नुसतं तोंड बंद ठेवलं की काम होणार होतं. तो वाकला. त्याचा हात तारेपासून वीतभर राहिला, आणि माझा उजवा हात उठला. यागीचा अख्खा दांडा मी त्याच्या मनगटावर घातला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो बोंबलत मागं सरीत पडला.

"रांडं, आता तुला..." तो डाव्या हातानं दांडा चाचपत उठला. मी ओरडत होते, "तार जिती हाय, तार जिती हाय," पण बाईनं मनगट मोडल्यावर कुठला पुरुष तिचं ऐकून घेतो? तो माझ्याकडं आला. मी पायाखालचं ओलं पाचट मुठीनं उचललं आणि तारेवर फेकलं.

ठिणग्यांचा लोळ उठला. गवतातला वॉकीटॉकी किंचाळला, माझ्या पोटावरच्या पडद्यावर दात उभे राहिले आणि मार्कर वर उडाला. तो जागच्या जागी थांबला. ठिणग्यांकडं बघितलं, स्वतःच्या हाताकडं बघितलं. मग हळूहळू मान वळवून त्यानं खोपटाकडं बघितलं.

आणि त्याच वेळी सगळं बंद पडलं. पाचट तारेवर तसंच लोंबत होतं, पण ठिणगी नव्हती, आवाज नव्हता. तिनं आत जाऊन खटका पाडला होता. त्याला वाचवायला माझ्याकडं तेवढाच एक पुरावा होता, आणि त्याच पुराव्यानं त्याला सांगितलं की खटका आत्ता पडला. मघाशी नव्हे.

"मला मारायला बघितलं हिनं," तो म्हणाला. ओरडला नाही. ते हळू बोलणं ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली. त्यानं डाव्या हातानं कमरेचा कोयता काढला आणि पळत सुटला.

मी मागं पळाले. ती पळाली नाही. दारात उभीच होती. पहिला घाव चौकटीत बसला, लाकडाचा टवका उडाला. दुसरा तिनं हात आडवा घातला त्यावर आला, कोपराखाली लांब फाटलं, आणि रक्त साडीवरून पायावर गळायला लागलं. तिसऱ्याला त्यानं कोयता उचलला तेव्हा मी सगळं अंग त्याच्या पाठीवर टाकलं. आम्ही दोघंही मोटारीच्या पाइपावर आपटलो. माझं एक बोट त्याच्या दाताखाली होतं. तो चावत होता आणि मी त्याचं तोंड चिखलात दाबत होते, आणि खरं सांगते, ते मी आणखी थोडा वेळ दाबलं असतं.

चिटबॉय टोळीतल्या दोघांना घेऊन आला म्हणून ते तिथंच थांबलं. पळून गेल्याबद्दल मी त्याला रस्ताभर बोलणार होते, पण त्यानं स्वतःचा नवा टॉवेल काढून बाईचा हात बांधला, तेव्हा गप्प बसले. आप्पाला त्याच्याच खोपटातल्या दोरीनं बांधला.

कारखान्याच्या जीपमधून तिला निपाणीला दवाखान्यात नेलं. टाके पडले. माझ्या खांद्याचा फोटो काढला, हाड सलामत होतं. पोलिसांना मी तार सांगितली, मार सांगितला, कोयता सांगितला. खटक्याचं काही सांगितलं नाही. तिनं खटका कधी पाडला हे माझ्या यंत्रानं पाहिलं होतं, पण यंत्राला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारू दिलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. ती टाक्यांच्या पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचत होती.

"मी खटका पाडायला इसरले न्हवते, आक्का," ती म्हणाली.

"ठावं हाय."

"मग मधी का पडलीस?"

हात उठला, असं सांगणार होते, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. तिच्या जवळ येऊन पोचलेली सुटका मी दांड्यानं मोडली होती, आणि वर त्याला दाखवूनही दिलं होतं की तिच्या मनात काय होतं. माणूस वाचवल्याचा आनंद मला झाला नाही, तिथंही नाही आणि नंतरही नाही. तिचं माहेर निपाणीत होतं, पण तिथं ती राहिली ते पट्टी सुटेपर्यंतच. भाऊ म्हणाला, नवऱ्यानं बोलावलं तर जावं लागेल. तेव्हा मी तिला वडगावला आमच्या घरी आणलं. मागाला लागणाऱ्या कांड्या भरायचं काम तिला दिलं. बोटं चलाख आहेत. आईशी बोलायची, माहेरीच राहिलेल्या माझ्या बहिणीशी तर तासन् तास बोलायची, माझ्याशी मात्र कामापुरतं. मी जवळ जाऊन बसले की उठून पाणी आणायला जायची.

वीज खात्याची माणसं येऊन ती तार घेऊन गेली. कारखान्याच्या वॉकीटॉकीवर आता दिवेलागणीला माणसांचंच बोलणं ऐकू येतं. पोलीस केसचं म्हणाल तर गावानं मिटवली. मिटवताना तिला कुणी विचारलं नाही.

आणि मग एक दिवस दुपारी आप्पा आमच्या दुकानात आला. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, काखेत फडक्यात बांधलेली गुळाची भेली. मनगट वाकडं बसलं होतं. मालकांनी त्याला खुर्ची दिली. त्यानं भेली माझ्या टेबलावर, उघडलेल्या सेटांच्या मधोमध ठेवली आणि हात जोडले, वाकडा हात सरळ हातावर.

"तुमी मधी पडलासा म्हणून मी हाय," तो म्हणाला. "तुमचं उपकार फिटायचं न्हाईत."

मी सोल्डरिंगची तार गुंडाळत बसले.

"ती कुठं हाय तेवढं सांगा. माहेरात न्हाय. मी काय करणार न्हाय तिला."

"मला ठावं न्हाय."

"ठावं हाय तुमास्नी. तोंडावर दिसतंय." तो पुढं झुकला आणि आवाज मऊ केला, चारचौघांत शहाणी माणसं करतात तसा. "तिला एवढं सांगा, मी तिला माफ केलंय."

मी उठले. भेली दोन्ही हातांनी उचलली आणि टेबलावर टेकलेल्या त्याच्या वाकड्या मनगटावर घातली. गूळ फुटून दुकानभर उडाला. तो किंचाळला, मालक खुर्चीसकट मागं सरकले, रस्त्यावरची माणसं थांबली. यावेळी हात आपोआप उठला नव्हता. मी विचार करून, नेम धरून मारलं होतं. तो काय बोलत गेला ते मला ऐकू आलं नाही. मालकांनी मला आठवडाभर घरी बसायला सांगितलं, आणि गूळ वेचून डब्यात भरला.

संध्याकाळी घरी गेले. माग बंद झाले होते. ती ओट्यावर चरख्याशी बसून कांड्या भरत होती. मी तिच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं, माफीसकट. तिचा हात थांबला नाही.

"कुठं लागलं त्येला?"

"त्याच मनगटावर."

"मोडलं?"

"न्हाय बहुतेक."

"असू दे," ती म्हणाली. भरलेली कांडी काढून टोपलीत टाकली आणि सरकून मला बसायला जागा केली.